जिनाचा भोंगा आणि नॅरोगेज: वऱ्हाडात कापसाचं काम नक्की कसं चालायचं?

पऱ्हाटी
गावच्या वाचनालयात जुन्या जिनातल्या वस्तूंचं छोटं दालन होतंय. (जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारं यंत्र, आणि त्याच्या कारखान्यालाही जिनच म्हणतात.) जिनाचा एक लाकडी-लोखंडी सांगाडा, चामड्याचा झिजलेला रोलर, हमालांचे चार आकडे, गाठीच्या पट्ट्यांचं भेंडोळं आणि रेल्वेचा एक बीटर (रुळाखाली गिट्टी ठोकायचं अवजार) एवढं सामान जमलंय. पाट्या लिहायच्या आहेत. "पूर्वी येथे कापसावर प्रक्रिया होत असे" छापाच्या पाट्या नकोत. २४ जिनांच्या कारखान्यात माणसं किती लागायची, कोण काय करायचं, गाठ कशी बांधायचे आणि ती मूर्तिजापूरच्या मोठ्या लायनीपर्यंत कशी जायची? काळ साधारण १९२० ते १९५० धरा. जाणकारांनी तपशील द्यावेत. भावना आम्ही आमच्या घालू.

सरकी_ढेप
आधी हिशेब मांडतो, म्हणजे माणसांचा आकडा आपोआप निघेल.

त्या काळचं सिंगल रोलर जिन नीट लावलेलं असेल तर तासाला साधारण १५ ते २० किलो रुई (सरकी काढलेला कापूस) देतं. सरासरी १७ धरा. २४ जिनं गुणिले १७ गुणिले १० तास, म्हणजे दिवसाला चार टनांच्या आसपास रुई. कापसाचा उतारा (कापसातून निघणारी रुई) ३३ टक्के धरला तर त्यासाठी सव्वाबारा टन कापूस लागला. बैलगाडीत सहा-साडेसहाशे किलो कापूस बसतो, म्हणजे रोज वीसेक गाड्या रिकाम्या व्हायला हव्यात. सरकी निघेल आठ टन. उरलेला टक्का-दोन टक्के माती, पत्ती आणि हवेत उडालेली भुकटी.

पूर्ण गाठ ३९२ पौंडांची, म्हणजे १७८ किलो. मुंबईच्या बाजारात खंडी ७८४ पौंडांची, म्हणून दोन गाठींची एक खंडी. आजची गाठ १७० किलोची आहे, पाटीवर घोळ करू नका. वरच्या हिशेबाने २४ जिनांतून दिवसाला २२-२३ गाठींपुरती रुई निघते.

आता माणसं. जिनांवर कापूस घालणाऱ्या बाया, एकीकडे एक किंवा दोन जिनं. कापूस टोपल्यांनी वर आणून देणाऱ्या वेगळ्या. रुई उचलून रुईघरात नेणारे, जिनांखालची सरकी ओढून काढणारे, ती पोत्यांत भरणारे. फिटर एक, त्याच्या हाताखाली रोलर कापणारा, तेलवाला एक. बॉयलरवर फायरमन, इंजिनावर एक माणूस. काट्यावर मापारी, दारावर चौकीदार, कारकून आणि सगळ्यांवर मुकादम. गाड्या उतरवणारे हमाल रोजंदारीवर. साठ-सत्तर माणसांखाली हे भागत नाही, आणि त्यात निम्म्याहून जास्त बाया.

फिटर_मिस्त्री
दालनात जिनाचा सांगाडा आहेच, तर त्याचं काम पाटीवर नीट यावं म्हणून लिहितो.

जिनात खरी कामाची तीनच अंगं. चामड्याचा रोलर, त्यावर दाबून बसवलेलं फिक्स नाइफ (न हलणारं पातं), आणि त्याच्या समोर क्रँकवर खालीवर नाचणारं मूव्हिंग नाइफ. रोलरचा खरखरीत पृष्ठभाग कापसाचा धागा पकडून फिक्स नाइफच्या धारेखालून ओढून नेतो. सरकी धारेखाली जाऊ शकत नाही, ती तिथेच अडते. मूव्हिंग नाइफ तिला ठोकून धाग्यापासून सोडवतं आणि ती जाळीतून खाली पडते. करवतीसारखे दात नाहीत, म्हणून आपल्याकडच्या कापसाचा धागा तुटत नाही. सगळी करामत चामड्याची आणि दाबाची.

आता बिघडतं काय ते.

फिक्स नाइफ जास्त दाबलं की रोलर तापतो, जळक्या चामड्याचा वास येतो, रुई पिवळट पडते. कमी दाबलं तर धागा सरकीवरच राहतो आणि सरकी केसाळ निघते. मुकादम सरकीची मूठ उचलून बघायचा ती त्यासाठीच. मूव्हिंग नाइफ धारेच्या फार पुढे गेलं तर सरकी फुटते, तिचे तुकडे रुईत जातात, आणि गिरणीवाला त्यासाठी भाव कापतो. पुढे कमी गेलं तर सरकी निसटत नाही, जिन नुसतं फिरत राहतं.

रोलर वापरून गुळगुळीत होतो, काचेसारखा. मग तो धागा पकडत नाही. म्हणून त्यावर हातकरवतीने तिरप्या चकरी खाचा पाडायच्या. तुमच्याकडच्या झिजलेल्या रोलरवर तशा खाचा दिसतील. त्या घाण नाहीत, घासून साफ करू नका! रोलर कापणाऱ्याच्या हाताची ती सही आहे.

खाच फार खोल गेली तर सरकीचे बारीक तुकडे तिच्यात बसतात. उथळ असेल तर चार दिवसांत पुन्हा तेच. दोन खाचांमधलं अंतर एकसारखं नसलं तर एका बाजूची रुई जास्त निघते आणि जिन थरथरतं.

पऱ्हाटी
फिटर_मिस्त्री, रोलर घासायला एक मुलगा कालच बसवला होता, थांबवतो. रोलरवर चामड्याच्या गोल चकत्या एकमेकींना चिकटून बसवलेल्या दिसतात. पूर्वी अखंड चामडं असायचं असं कोणी म्हणालं, ते बरोबर का?

फिटर_मिस्त्री
दोन्ही बरोबर, काळ वेगळा. सुरुवातीला लाकडावर जाड कातड्याच्या पट्ट्या गुंडाळलेल्या असत. वॉलरसचं कातडं सगळ्यांत टिकाऊ मानलं जायचं आणि ते परदेशातून यायचं. चकत्यांचा रोलर नंतरचा. क्रोम चामड्याच्या चकत्या दांड्यावर ओवायच्या, दोन्ही टोकांना नटांनी आवळायच्या, मग लेथवर सारखं करून घ्यायचं. चकत्या झिजून व्यास कमी झाला की फिक्स नाइफ पुढे घ्यावं लागतं आणि एका मर्यादेनंतर रोलर बादच. क्रोम चामडं झिजतं तेव्हा त्याची पूड रुईत आणि हवेत जाते. ती तब्येतीला बरी नाही हे फार उशिरा चर्चेत आलं. मुलांना रोलर हाताळू देत असाल तर काचेत ठेवा.

कोरडवाहू
यंत्राबद्दल छान लिहिलंय, पण बाया कुठे बसायच्या तेही पाटीवर येऊ द्या. जिनघराचा मजला उंचावर असतो आणि मुख्य शाफ्ट (इंजिनाने फिरणारा लांब दांडा) मजल्याखालच्या बोळात. प्रत्येक जिनाचा पट्टा त्या शाफ्टवरून वर येतो. वर बाया आणि धूळ, खाली अंधारात सरकी ओढणारे. पट्टा सुटला तर तो पुन्हा चढवायला तेलवाला बोळात शिरायचा आणि बऱ्याचदा शाफ्ट चालूच असायचा. कारण एका जिनासाठी इंजिन थांबवलं तर चोवीसच्या चोवीस थांबतात. धोतराचा सोगा, पदर, मोकळे केस, काहीही शाफ्टला लागलं की माणूस आत ओढला जायचा. पाय घसरला म्हणून असे अपघात झाले नाहीत. अख्खं जिनघर एकाच शाफ्टवर टांगलेलं होतं, मूळ तिथे आहे.

तासांचं म्हणाल तर १९३४ च्या कारखाना कायद्यात बारमाही कारखान्यांना दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ तास ही मर्यादा, पण हंगामी कारखान्यांत पुरुषांना ११ आणि ६०, बायांना दिवसाला १०च, पण आठवड्याला तेच ६०. जिन आणि प्रेस (रुई दाबून गाठी बांधायचा कारखाना) हंगामीत मोडत. हंगाम म्हणजे दिवाळीनंतर सुरू, चैत्र-वैशाखात बंद. म्हणून पुलगाव, हिंगणघाट, बडनेऱ्याच्या गिरणीतला कामगार आणि त्याच गावातल्या जिनातली बाई, दोघांचा कायदासुद्धा वेगळा. हिंगणघाटची बन्सीलाल अबीरचंद गिरणी १८८१ ची, नागपूरची एम्प्रेस १८७७ ची. तिथे पगार, पाळी, वर्षभराचं काम. जिनातली बाई मात्र पेरणीला शेतात, वेचणीला शेतात, मग जिनात.

आणि 'पूल' विसरू नका. एका गावात गरजेपेक्षा जास्त जिनं झाली की मालक एकत्र येऊन दर बांधायचे आणि नफ्यातला हिस्सा ठरवून घ्यायचे. मग काही कारखाने हंगामभर बंद ठेवले तरी मालकाला त्याचा वाटा मिळायचा. खानदेशात, वऱ्हाडात धुरांडं शाबूत आणि आतली यंत्रं जवळजवळ न वापरलेली, अशी जिनं सापडतात ती यामुळे. बंद जिनाच्या मालकाला वाटा होता, त्या जिनातल्या बायांना नव्हता.

गाठ_३९२
आता प्रेस. जिनिंग आणि प्रेसिंग एका आवारात असलं तरी ती दोन वेगळी कामं, प्रत्येक जिनवाल्याकडे प्रेस असेलच असं नाही. चार-पाच जिनांची रुई एका प्रेसवर यायची.

प्रेसला दोन खोल लाकडी-लोखंडी पेट्या, मधल्या खांबाभोवती फिरणाऱ्या. एका पेटीत रुई भरणं चालू, तेव्हाच दुसरी दाबाखाली. भरताना आधी तळाला गोणपाट, मग रुईचे थर. पेटीत दोन माणसं उतरून पायाने तुडवतात. हे तुडवणं सारखं नसेल तर गाठ एका बाजूने फुगते आणि पट्ट्यांवरचा ताण असमान होतो. काठापर्यंत भरली की वर गोणपाट आणि पेटी फिरवून दाबाखाली.

खालून पाण्याच्या दाबाचा रॅम (जाड लोखंडी दट्ट्या) वर येतो. पंप वाफेच्या इंजिनावर. दाब पुरा झाला की पेटीची दारं उघडतात, ठोकळ्यांच्या खाचांतून लोखंडी पट्ट्या ओवतात. आठ ते दहा पट्ट्या, टोकं बकलात अडकवून. मग रॅम खाली सोडतात. गाठ फुगते आणि त्या फुगण्यानेच पट्ट्या ताणून बसतात. म्हणजे पट्टी आवळावी लागत नाही, रुईच ती आवळते. मग बाजूची गोणपाटं दाभण-सुतळीने शिवायची.

पुऱ्या दाबाची गाठ साधारण ४८ इंच लांब, २० इंच रुंद, १८ इंच उंच भरते. म्हणजे दहा घनफूट, दर घनफुटात ३९ पौंड रुई! अर्ध्या दाबाच्या गाठीला जवळजवळ दुप्पट जागा लागते. रेल्वे आणि जहाज जागेचं भाडं खातात, म्हणून एवढा खटाटोप.

बिघाड कुठे येतो? रॅमच्या चामडी पॅकिंगमधून. ती फाटली की पाणी गळतं, दाब टिकत नाही, पट्ट्या ओवेपर्यंत गाठ परत फुगू लागते. दुसरं म्हणजे पट्टी तुटणं. ताणलेली पट्टी सुटली की पात्यासारखी फिरते. म्हणून रॅम उतरताना गाठीच्या समोर उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं. तुमच्या भेंडोळ्यातल्या पट्ट्यांची टोकं पाहा, वाकवून पुन्हा सरळ केलेली दिसली तर त्या वापरलेल्या पट्ट्या. तुटतात त्या बहुतेक अशाच.

सरकी_ढेप
यात एक भर. १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्याने प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण आणि अनुक्रमांक घालणं सक्तीचं झालं. कारण सरळ आहे, भेसळ आणि पाणी मारणं. कापसावर पाणी शिंपडलं की वजन वाढतं. पण ओली रुई पूर्ण दाबाखाली गेली की पाणी बाहेर पडायला वाट नसते. आत ती गरम होते, बुरशी धरते, धागा कुजतो. मुंबईत गाठ उघडल्यावर मधोमध करडा-पिवळा पट्टा दिसायचा. नंबर असला की तो पट्टा कोणत्या प्रेसमधून आला ते सांगता यायचं.

गेज_७६२
रेल्वेचा भाग माझ्याकडे.

सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी १९१० ची, मागे किलिक निक्सन ही ब्रिटिश कंपनी. रूळ अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर, मूर्तिजापूर ते अचलपूर ७६, आणि वेगळी पुलगाव-आर्वी ३५. लोक 'शकुंतला' म्हणतात ती हीच. मुंबई-नागपूर मोठी लाइन १८६७ ला नागपूरला पोचली होती. ही छोटी लाइन कापसाच्या मुलखातून गाठी त्या मोठ्या लाइनीवर आणून टाकायला घातली.

मुख्य अडचण मूर्तिजापुरात. नॅरोगेजचा डबा मोठ्या रुळावर चालत नाही, म्हणून प्रत्येक गाठ हाताने एका डब्यातून दुसऱ्यात. दोन्ही डबे फलाटाच्या दोन कडांना लावायचे, मध्ये फळ्या. १७८ किलोची गाठ उचलत नाहीत, टोकावर उभी करून लोळवतात. पऱ्हाटी, तुमचे चार आकडे त्यासाठी. आकडा पट्टीत अडकवायचा नाही, गोणपाटात अडकवायचा. पट्टीत अडकवला तर बकल उघडू शकतं. दोघं ओढतात, एक मागून पायाने आधार देतो. डब्यात गाठी आडव्या, दाराजवळची थप्पी शेवटी आणि उतरती, नाहीतर दार उघडताच गाठ अंगावर.

सगळ्या गावांचं तंत्र डबे मिळण्यावर अवलंबून. डबे आले नाहीत की प्रेसच्या आवारात गाठी साचतात, प्रेस थांबतो, रुईघर भरतं, जिन थांबतं, गाड्यांची रांग वेशीपर्यंत जाते. रोजंदारीवरच्या बायांना मग खाडा पडायचा. आणि खाड्याचं कारण जिनात शोधून सापडत नाही, ते मूर्तिजापूरच्या यार्डात असतं.

काळी_माती
तुमच्या बीटरसाठी.

या लाइनीचा खरा वैरी काळी माती. उन्हाळ्यात तिला हातभर भेगा, पावसाळ्यात ती फुगते आणि मऊ होते. गाडी गेली की स्लीपर (रुळाखालचा आडवा आधार) खाली दबतो, गाडी गेल्यावर वर येतो. या खालीवर होण्याने चिखल गिट्टीतून वर ओढला जातो. चिखलाने भरलेली गिट्टी पाणी सोडत नाही, मग अजून चिखल. वरून नवी गिट्टी टाकून उपयोग नाही, जुनी उकरून चाळून घ्यावी लागते आणि बाजूचे चर मोकळे करावे लागतात.

पॅकिंग असं. आधी मुकादम रुळावर आडवा होऊन डोळा लावतो आणि कुठे दबलंय ते बघतो. मग स्लीपरच्या बाजूची गिट्टी मोकळी करायची, कुदळ-सबलीने रूळ उचलून धरायचा, आणि चौघांनी दोन्ही बाजूंनी बीटरने गिट्टी स्लीपरखाली ठोकायची. ठोकायची ती रुळाच्या खाली, दोन्हीकडे हात-दीड हात. स्लीपरच्या मधोमध नाही. मधोमध ठोकली तर स्लीपर तराजूसारखा डोलतो आणि गाडी हेलकावे खाते. नवशिक्या गँगची ओळखच ती.

कीमन रोज आपल्या हद्दीत चालत जातो, जाताना एका रुळावर नजर, येताना दुसऱ्या. रूळ धरणाऱ्या सुटलेल्या चाव्या हातोड्याने बसवतो, रुळांच्या जोडावरचे फिशबोल्ट आवळतो. दोन रुळांमधली फट सगळ्यांत महत्त्वाची. तापमान ४० अंशांनी वाढलं की १३ मीटरचा रूळ सहा मिलिमीटर वाढतो. थंडीच्या पहाटे आणि मेच्या दुपारी रूळ तेवढा तापतोच. फट बुजली असेल तर रूळ बाजूला वाकतो. म्हणून वैशाखात दुपारी गिट्टी मोकळी करायचं काम करत नाहीत, कारण त्या वेळी रुळाला जागेवर धरणारी तीच असते.

रूळ उघडा असताना दोन्ही बाजूंना लाल झेंडी आणि रुळावर फटाके. नॅरोगेजवर ४०० मीटरवर एक आणि ८०० मीटरवर तीन. चाकाखाली फुटले की ड्रायव्हरला कळतं.

लेड_प्लग
जिनाचा बॉयलर आणि रेल्वेचं इंजिन, दोघांचं दुखणं एकच, इथलं जड पाणी. विहिरीच्या पाण्याचा थर नळ्यांवर बसतो. थर बसला की उष्णता पाण्यात जात नाही, कोळसा जास्त लागतो आणि नळीचा पत्रा तापून फुगतो. बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा इंजेक्टर तुंबतो तोही यानेच. म्हणून ठरावीक दिवसांनी बॉयलर थंड करून धुवायचा. घाईत गरम बॉयलरमध्ये थंड पाणी सोडलं तर जोड गळायला लागतात.

थंड इंजिन पेटवायला चार-सहा तास. सकाळच्या गाडीसाठी मध्यरात्रीनंतर लाकूड आणि तेलाच्या चिंध्या घालून सुरुवात. फायरमनचं पहिलं काम कोळसा नाही, काचेतली पाण्याची पातळी. तीही नळ उघडून वाफ सोडून पाहायची, कारण काचेची वाट तुंबली असेल तर खोटी पातळी दिसते. पाणी खरंच खाली गेलं तर फायरबॉक्सच्या माथ्यावरची शिशाची डाट वितळते आणि वाफ आगीवर येते. डाट वितळणं म्हणजे बॉयलर वाचला, फायरमनची नोकरी मात्र वाचेलच असं नाही.

शकुंतलेचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं, १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत चाललं. मग डिझेल.

कोरडवाहू
आगीबद्दल कुणी लिहिलं नाही.

फिटर_मिस्त्री
लिहितो. जिनात आग लागते ती बहुतेक दगडाने. कापसात खडा किंवा खिळा आला, पात्यांमध्ये सापडला, ठिणगी पडली. किंवा बेअरिंगला तेल नाही, वर भुकटीचा थर, तो पेटतो. तेलवाल्याला सगळे हिणवतात, पण जिन वाचवतो तो.

गाठ_३९२
आणि गाठीतली आग वेगळी. ठिणगी रुईबरोबर पेटीत गेली आणि वर दाब बसला तर ज्वाळा दिसत नाही. आत हळूहळू धुमसत राहते, कधी कधी कित्येक दिवस. बाहेरून पाणी मारून उपयोग नाही, एवढ्या घट्ट गाठीत पाणी शिरत नाही. अशी गाठ बाकीच्यांपासून लांब, उघड्यावर नेऊन ठेवायची. पट्ट्या तोडल्या तर हवा मिळून भडकते, म्हणून भरपूर पाणी हाताशी असल्याशिवाय तोडायच्या नाहीत. जिनात आग लागली की त्या दिवशी दाबलेल्या सगळ्या गाठी बाजूला ठेवतात ते यासाठीच. रेल्वेत उघड्या डब्यातल्या गाठींवर ताडपत्री घालायची तीही इंजिनाच्या ठिणग्यांसाठी, पावसासाठी नंतर.

पऱ्हाटी
भरपूर मिळालं. पट्ट्यांची टोकं पाहिली. सात सरळ, पाच वाकवून पुन्हा सरळ केलेल्या. बीटरचं एक टोक बोथट, दुसरं टोकदार आहे. टोकदार कशाला?

काळी_माती
टोकदार बाजूने घट्ट बसलेली गिट्टी फोडून मोकळी करायची, बोथट बाजूने ठोकायची. ते टोक झिजून आखूड झालं असेल तर बीटर काळ्या मातीतलाच आहे असं समजा, तिथे फोडणंच जास्त.